अण्णांच्या पायाचा ठसा

अण्णांनी आयुष्यात कधी कागदावर पाय ठेवला नव्हता, आणि डॉक्टर पद्मनाभांना नेमकं तेच हवं होतं.

अण्णा म्हणजे माझे सासरे, हंबीरराव. त्यांची उभी हयात बंगळूरच्या अव्हेन्यू रोडवर पुस्तकबांधणीत गेली. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आपलं घराणं इकडे आलं, असं या घरातलं शेंबडं पोरही सांगायचं. फौजेतून सुईदोऱ्यावर आणि खळीच्या डब्यावर कधी आलं, ते मात्र कोणी सांगत नसे. मी पुण्याची. गिरीराजशी लग्न करून इथे आले आणि एका कॉम्प्युटर कंपनीत लागले. पहिल्या वर्षी सासऱ्यांचं 'मी केलो', 'मी दिलो' ऐकून मी त्यांची मराठी सुधारायला गेले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सरी." म्हणजे बरं, ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'मी केलो'. मग मीच नाद सोडला.

त्यांचं दुकान मी पाहिलं होतं. एवढीशी खोली, आणि जमिनीवर छापील कागदांचे गठ्ठेच गठ्ठे. त्या गठ्ठ्यांच्या मधून अण्णा अनवाणी फिरायचे, कारण चपलेची माती कागदाला लागता कामा नये. पाऊल आधी नुसतं टेकवायचं, खाली काही नाही याची खात्री करायची, मगच पुढे जायचं. एका हाताने भिंत नाहीतर मेज धरलेलं असायचंच. चुकून एखाद्या पानाला पाय लागलाच तर वाकून, पानाला हात लावून तो कपाळाला. आता कागदाला पाय लागला की नमस्कार आम्ही पुण्यातही करायचो, नाही असं नाही. पण आमचा नमस्कार चालता चालता उरकायचा. अण्णांचा मात्र पूर्ण वाकून व्हायचा, मग मागे बस का खोळंबेना. के. आर. पुरमला, आमच्या घराजवळच्या स्टॉपवर, शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदापायी त्यांनी खरोखर एक बस चुकवलेली आहे, आणि ती बस पकडायला मी धावत आले होते.

साखरेचा आजार त्यांना बरीच वर्षं होता. पाय बधिर झालेत हे कळलं ते एका संध्याकाळी. अण्णा दुकानातून आले, हातपाय धुतले, जेवायला बसले, आणि वाढता वाढता अक्कांना त्यांच्या तळव्यात पुस्तकं शिवायची सुई घुसलेली दिसली. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, मथुरा. घरात सगळे त्यांना अक्काच म्हणत. अव्हेन्यू रोडपासून के. आर. पुरमपर्यंत माणूस ती सुई घेऊन आला होता, शिवाय बसमध्ये उभ्याने. अक्कांनी सुई काढली तेव्हाही ते भात कालवत होते.

पुढे उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याला, जखम झाली. ती काही केल्या भरेना. दुकान बंद झालं ते तेव्हाच. गिरीराजची नोकरी होसकोट्याला कारखान्यात, त्याला सुट्टी मिळणं मुश्कील, म्हणून अण्णांना दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. कोणीतरी सांगितल्यावरून मी त्यांना एका धर्मादाय इस्पितळात घेऊन गेले. तिथे फक्त पायांसाठी वेगळा विभाग होता, आणि तो डॉक्टर पद्मनाभ चालवत. त्यांनी पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, ते पुन्हापुन्हा बदललं, आणि खरंच जखम भरली. मला तर तो माणूस देवच वाटायला लागला होता.

प्लास्टर काढल्यावर त्यांनी मला समोर बसवून समजावलं. तुमचा-माझा पाय एका जागी दुखायला लागला की आपण नकळत भार दुसरीकडे टाकतो. ज्याला दुखतच नाही तो टाकत नाही. त्याच त्याच जागेवर दाब पडत राहतो, आतलं मांस चेपून चेपून मरतं, आणि एक दिवस वरून फुटतं. म्हणून भार नेमका कुठे पडतो ते मोजायचं आणि चपलेच्या तळाला तेवढ्याच जागी खळगा करायचा. ही जखम त्याच जागी पुन्हा उघडली तर हाडाला लागेल, आणि हाडाला लागलं तर पायाची खात्री मी देऊ शकणार नाही, असं ते म्हणाले. हे सगळं त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं. अण्णांना कन्नडमध्ये सांगितलं त्यात नवीन चप्पल आली, काळजी घ्या आलं, पण पायाची खात्री काही आली नाही.

दाब मोजायचा त्यांचा प्रकार अगदी साधा होता. रबराची एक चटई होती, तिच्या एका बाजूला बारीक उंचवट्यांच्या रेघा. त्या बाजूला रुळाने शाई लावायची, चटई कागदावर पालथी घालायची आणि पेशंटला वरून चालवायचं. दाब कमी असेल तिथे कागदावर फिकट जाळी उमटते, जास्त असेल तिथे काळाकुट्ट डाग. तेव्हा १९९६ साल होतं. यासाठी परदेशात कॉम्प्युटर आले होते म्हणे, पण आमच्या वाट्याला ही चटई होती, आणि तिने कित्येकांचे पाय वाचवले होते.

ठसा घेतला त्या वेळी मी औषधांच्या रांगेत उभी होते. आत काय झालं ते मला फार नंतर कळलं, पण गोष्ट सरळ कळावी म्हणून इथेच सांगते.

ठसे घेणारी मुलगी म्हणजे वीणा. गोड मुलगी होती, कामाला चलाख. तिने रूळ फिरवायला घेतला तशी अण्णांची कळी खुलली. शाईचा वास, रूळ, कागद, म्हणजे सगळं माहेरचंच. शाई कमी घे, कडेला जमते आहे, असा सल्लाही त्यांनी दिला. मग तिने कागद काढला. इस्पितळाला कुठल्याशा छापखान्याने वाया गेलेले कागद दान दिले होते. एक बाजू कोरी, दुसऱ्या बाजूला छपाई. कोरी बाजू वर करून वीणाने तो जमिनीवर ठेवला, पण तेवढ्यात अण्णांनी छपाई पाहिली होती. शाळेच्या कन्नड पुस्तकाचा फॉर्मा होता तो, दुमडून पानं करायचा अख्खा छापील कागद. असले फॉर्मे त्यांनी जन्मभर दुमडले होते.

तिने चटई घातली आणि अण्णांना म्हणाली, रोज चालता तसे चाला, समोर बघा. अण्णांनी विचारलं, यावर पाय द्यायचा? ती म्हणाली, हो, सगळेच देतात. अण्णांनी वाकून चटईला नमस्कार केला. नमस्कार बरेच पेशंट करत, त्यामुळे वीणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग अण्णा चटईवरून चालले. डावा हात बाजूच्या मेजावर ठेवून, उजवा भिंतीला लावून, पाऊल नुसतं टेकवत. अंगाचा सगळा भार दोन हातांवर. वीणाचं लक्ष पायांकडे होतं, कारण तिचं कामच ते होतं. म्हाताऱ्या माणसाने आधार घेतला तर घेऊ दे, एवढंच तिच्या मनात आलं. आणि अण्णा खोटं काहीच करत नव्हते. कागदाशी ते जन्मभर जसे चालले, तसेच चालले.

ठसा सुरेख आला. गौरीच्या दिवशी उंबऱ्यापासून पावलं काढतात ना, तसा. सगळीकडे सारखी फिकट जाळी, काळा डाग कुठेच नाही. वीणाने खात्रीसाठी पुन्हा घेतला, तो अगदी तसाच. डॉक्टर पद्मनाभांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि अंगठ्याखाली दाब एवढा कमी कसा, असं पुटपुटले. मग प्लास्टरमध्ये पाऊल सुधारलं असेल, स्नायूंना आराम मिळाला असेल, असं काहीसं त्यांनी स्वतःलाच सांगितलं. त्यांनाही चांगली बातमी हवीच असणार. मऊ काळ्या रबराची सपाट चप्पल त्यांनी लिहून दिली, खळगा नको म्हणाले.

मी औषधं घेऊन आले तेव्हा सगळे हसत होते. मला ठसा दाखवण्यात आला, मीही कौतुकाने पाहिला. परतताना अण्णांना घेऊन मी हॉटेलात शिरले. त्यांनी बिनसाखरेची कॉफी मागवली आणि माझ्या मसाला डोशातला एक तुकडा तोडून तोंडात टाकला, आणि मी काही बोलले नाही. त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की तो आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो.

चप्पल घरातही घालायची होती. देवघरात चप्पल म्हटल्यावर अक्कांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी देवघरासाठी एक वेगळा जोड ठेवायचा, तो बाहेर कधीच न्यायचा नाही, असा तह झाला. अण्णा दोन्ही जोड इमानाने वापरत. रोज संध्याकाळी पाय बघायचा असं ठरलं होतं, तो अक्का बघत. पण त्यांचे डोळे मोतीबिंदूने अधू झालेले, आणि ते त्यांनी आम्हाला कधी नीट कळू दिलं नव्हतं.

आमच्या घराची जमीन लाल, रेड ऑक्साइडची. बंगळूरच्या जुन्या पद्धतीची, रोज पुसून पुसून आरशासारखी झालेली. त्या जमिनीवर रक्त दिसत नाही. ते दिसलं मुंग्यांना. एका रविवारी सकाळी मी केर काढत होते, तर न्हाणीघरापासून अण्णांच्या खुर्चीपर्यंत मुंग्यांचे लहान लहान पुंजके. मधे रिकामी जमीन, पुन्हा पुंजका. आधी मला वाटलं कोणी गूळ सांडला. मग ती अंतरं माणसाच्या पावलांची आहेत हे ध्यानात आलं; आंघोळ करून खुर्चीपर्यंत तेवढे अण्णा अनवाणी येत, पाय ओले म्हणून. अण्णा खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मी त्यांचा उजवा पाय उचलून पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी, त्याच जागी, भोक पडलं होतं.

"दुखत नाही गं," अण्णा म्हणाले. माझा चेहरा बघून मला धीर द्यायला म्हणाले ते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर पद्मनाभांनी सळईने जखमेची खोली पाहिली. मग त्यांनी जुना ठसा मागवला. तो मेजावर पसरून ते, वीणा आणि मी, तिघंही त्यावर वाकलो. त्या जागी फिकट जाळी होती आणि पायाला त्याच जागी भोक होतं. डॉक्टर म्हणाले, हे शक्य नाही. कुठेतरी काहीतरी लागलं असणार, खडा वगैरे. त्यांनी अण्णांना चार वेळा विचारलं. अण्णा नाही म्हणत होते, आणि बोलता बोलता त्यांचीही नजर ठशाकडे गेली. त्यांनी तो कडेने धरून जवळ ओढला, उलटा करून मागची छपाई पाहिली, पुन्हा सुलटा केला. त्यांना तो आवडलेला दिसला.

"स्वच्छ आलाय," ते म्हणाले. "मी पाय ठेवलो, पण भार दिलो नाही. मागं अक्षरं होती."

हे ते लपवून ठेवलेलं कबूल करत नव्हते. चांगलं वागलो ते सांगत होते. डॉक्टरांना मराठी येत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना इंग्रजीत निम्मं सांगितलं. उरलेलं अण्णांनीच कन्नडमध्ये, हातवारे करून, मेज कसं धरलं भिंत कशी धरली ते दाखवत सांगितलं. वीणा तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली.

कोणावर चिडावं तेच मला कळेना. वीणावर? तिने चाला म्हटलं आणि माणूस चालला. डॉक्टरांवर? हजारो ठसे घेतलेला माणूस, पेशंट नमस्कार करतात आणि मग दणदणीत पाय देतात, हेच त्याने आजवर पाहिलेलं. अण्णांवर चिडायला गेले, पण ते समोर इतके भाबडे बसले होते की मला त्यांचा नुसता कळवळा आला. चूक कुठे झाली ते आता सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. माझ्या कामात चूक सापडली की निम्मं काम झालं म्हणतात. इथे चूक सापडली आणि काम संपलं.

शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात त्याच सुमारास दाब मोजायचं नवं यंत्र आलं होतं. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन तिथे पाठवलं. जखमेवर पातळ पट्टी बांधून अण्णांना फक्त एकदाच चालवायचं होतं. लाकडी पट्टीवजा वाट, तिच्या मध्यावर जाड काच, काचेखाली कॅमेरा आणि बाजूला कॉम्प्युटर. अण्णांनी काच निरखून पाहिली. खाली कागद नव्हता, अक्षर नव्हतं. ते हात मोकळे सोडून, छाती पुढे काढून, धाडधाड चालत गेले.

पडद्यावर पाऊल उमटलं. टाचेला निळं, मधे काही नाही, आणि अंगठ्याच्या बुडाशी लालभडक, मधोमध जवळजवळ पांढरं. जिथे भोक होतं तिथेच. रंगांचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती. दिवसभर पडद्यासमोर बसून पोट भरणारी बाई मी. अण्णांनी चष्मा वर करून पाहिलं आणि हे माझं का, असं विचारलं. हो म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. रंग छान आलेत म्हणाले.

एक्स-रेमध्ये हाडाची कड कुरतडलेली दिसली. डॉक्टर पद्मनाभांनी भारी औषधं सुरू केली आणि सांगितलं की पाय जमिनीला लावायचा नाही, अजिबात नाही, पडूनच राहायचं. ताप आला तर लगेच घेऊन या. त्यांनी पुढचं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रिक्षात अण्णांनी मला विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? मी म्हटलं, विश्रांती घ्या म्हणाले. "सरी," अण्णा म्हणाले आणि बाहेर बघू लागले.

पण ज्याचं दुखतच नाही त्याला पडून ठेवणार कसं? अण्णा उठायचे. पेला घ्यायला, खिडकी लावायला, देवाला हात जोडायला. पाठ वळली की उठायचे, आणि ओरडलं की चोरी पकडल्यासारखे हसायचे. अक्का त्यांना शिव्या घालायच्या, रडायच्या, पुन्हा शिव्या घालायच्या. गिरीराज कामावरून आला की बापाशेजारी पाय धरून बसायचा, पण दिवसभर काय? मी रजा संपवल्या. पुन्हा कामावर जायच्या दिवशी बंदोबस्त म्हणून अण्णांच्या पलंगाभोवती मी वर्तमानपत्रं पसरली, चारही बाजूंनी, दारापर्यंत. मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं. म्हटलं आता बघू कसे उतरता.

संध्याकाळी परत आले तर पलंगाशेजारच्या स्टुलावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. कडा अगदी एकसारख्या जुळवलेल्या, घड्या दाबून बसवलेल्या. लघवीला जायचं होतं, सुनेला हाक मारणार कशी, आणि सून घरी नव्हतीच. अक्का देवळात. म्हणून त्यांनी एकेक कागद वाकून उचलला होता, घडी घातली होती, पुढे सरकून दुसरा उचलला होता, आणि त्या सगळ्या वेळात ते त्या पायावर उभे होते. चालत न्हाणीघरात गेले असते तर पाच पावलं पडली असती. मी तो गठ्ठा मांडीवर घेऊन जमिनीवर बसले. अण्णा म्हणाले, "पर्वागिल्ला, काही बिघडलं नाही, नीट लावून ठेवलोय." मला त्यांच्याकडे बघवेना.

ताप त्याच आठवड्यात आला. पाय पोटरीपर्यंत सुजला, चकाकायला लागला, आणि त्याचा वास खोलीभर झाला. इस्पितळात नेल्यावर सर्जन आले, पाहून गेले, पुन्हा आले. बोटावर भागणार नाही, घोट्यावरही भागणार नाही, गुडघ्याच्या खाली कापावं लागेल, आणि आजच. गिरीराजने सही केली. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

अण्णांना आत नेण्याआधी डॉक्टर पद्मनाभ त्यांना भेटायला आले. खरं तर त्यांचं तिथे काही काम नव्हतं. ते पलंगाशेजारी उभे राहिले, अण्णांचा हात हातात घेतला. अण्णांनीच त्यांना विचारलं. कन्नडमध्ये विचारलं, पण मलाही समजेल इतकं सावकाश. त्या दिवशी मी भार दिलो असतो, तर पाय राहिला असता का?

डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मग चष्मा काढून पुसत बसले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. सून शिकलेली, कॉम्प्युटरवाली, ती सांगेल, असं त्या नजरेत होतं. माझ्या डोळ्यांपुढे तो लाल डाग आणि त्या डागाएवढा न झालेला खळगा.

"नसता राहिला, अण्णा," मी म्हटलं. "साखरेचा आजारच तसा आहे. काहीही केलं असतं तरी हेच झालं असतं."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना माझं खोटं कळलं, आणि मी ते का बोलले तेही कळलं. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. मला वाटलं, त्यांनी रागवावं, विचारावं, माझ्यावर नाहीतर देवावर तोंड टाकावं. ते काहीच झालं नाही. वॉर्डबॉय आले आणि गाडी घेऊन गेले.

शस्त्रक्रिया चांगली झाली. चांगली म्हणजे काय, तर अण्णा जगले. तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला मी आणि अक्का गेलो तर ते शुद्धीवर होते, चेहऱ्यावर थोडं तेजही होतं. चादरीखाली एक पाय लांबपर्यंत दिसत होता आणि दुसरा गुडघ्याच्या थोडं पुढे जाऊन संपत होता. तिथून पुढे चादर सपाट. अक्कांनी तिकडे पाहायचं टाळलं. डबा उघडून त्या पेज गार करत बसल्या.

अण्णांनी दोन घोट घेतले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, पाय दुखतोय.

अक्कांच्या हातातला चमचा डब्यात पडला. इतकी वर्षं सुई घुसली, भोक पडलं, हाड सडलं, आणि या माणसाच्या तोंडून हे वाक्य आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, कुठे दुखतंय, टाक्यांना? त्यांनी मान हलवली. अंगठ्याखाली, म्हणाले. आग होतेय, कोणीतरी चेपतंय तिथे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी परिचारिकेकडे धावले. ती म्हणाली, होतं असं, पाय गेला तरी काही दिवस दुखतो, डॉक्टरांना सांगते, पण गोळीने फारसं थांबत नाही. मी परत येऊन उभी राहिले.

अक्का पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बसल्या होत्या. लग्नापासून रोज जशा बसत असतील तशाच. नवऱ्याचा पाय दुखतो म्हटल्यावर दुसरं काय करणार त्या? त्यांनी चादरीखाली हात घालून पाऊल मांडीवर ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी हळूहळू चेपायला लागल्या.

अण्णांनी त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"हा नव्हे गं मथुरा," ते म्हणाले. "तो."